थोडंसं हे माप नव्हे

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारावर एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर काळ्या शाईत, पेन्सिलीने आखलेल्या रेघांवर लिहिलेले होते : 'प्रयोग चालू असताना दारातून हाक मारू नये. आत यावे किंवा थांबावे.' खाली सही नव्हती आणि तिची गरजही नव्हती. कोथरूडमधल्या आमच्या त्या शाळेत अशी सूचना लिहिणारी व्यक्ती एकच होती. खुद्द मुख्याध्यापकांनी एकदा दारातून "दिघेबाई, जरा..." असे म्हटले, तेव्हा आतून शांतपणे उत्तर आले होते, "सर, वाचून झालं असेल तर आत या."

सुमती दिघे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत. मी सहावी-सातवीच्या भूगोलासाठी शाळेत रुजू झाले, तेव्हा त्यांची नोकरी पंचवीस वर्षांची झाली होती. बेताची उंची, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. परीक्षानळी हातात धरली की मनगटाची आतली बाजूच आपल्याकडे असते, तेव्हा घड्याळही तिथेच असायला हवे, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. मी ते एकदा घरी करून पाहिले. त्यांचे बरोबर होते.

मधल्या सुट्टीत त्या शिक्षकखोलीत फारशा येत नसत. प्रयोगशाळेमागच्या तयारीच्या खोलीत स्पिरिटच्या दिव्यावर त्यांचा चहा होई. चहाचे चंचुपात्र वेगळे. त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला. दूध मोजपात्राने मोजून तीस मिलिलिटर. पहिल्या दिवशी त्यांनी मला साखर विचारली आणि मी सवयीने म्हणाले, "थोडीशी." त्यांचा चमचा हवेतच थांबला.

"थोडीशी म्हणजे?"

"एक चमचा."

"मग तसं म्हण. थोडंसं हे माप नव्हे."

मुलींच्या प्रयोगवहीत 'थोडेसे आम्ल घेतले' असे वाक्य आढळले, की समासात लाल शाईने हेच वाक्य उमटे. मुलींनी त्यांचे नाव 'मोजपात्र' असे ठेवले होते. त्यांना ते ठाऊक होते. "बरंय," त्या म्हणत, "कपबशी तरी नाही ठेवलं."

जे आपल्याकडच्या शाळेत विज्ञान शिकले आहेत, त्यांना प्रयोगवहीची ओळख करून द्यायला नको. डावीकडे आकृतीसाठी कोरे पान, उजवीकडे आखलेले. उजव्या पानावर क्रमाने उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान. ही वही बहुतेक मुली गेल्या वर्षीच्या ताईच्या वहीवरून आदल्या संध्याकाळीच पूर्ण करून आणतात, हेही सर्वांना ठाऊक असते. दिघेबाईंनी एकदा ऑक्सिजनच्या प्रयोगाला मुलींपुढे मुद्दाम साध्या हवेची वायुपात्रे ठेवली. धुमसती काडी आत गेली आणि हळूहळू विझून गेली. तरी चाळिसांहून अधिक वह्यांत लिहिलेले आले, 'काडी भडकून पेटली.' मागच्या बाकावरच्या एकाच मुलीने भीत भीत लिहिले होते, 'काडी पेटली नाही. पात्रात ऑक्सिजन नसावा.' बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, आणि बाकीच्यांना एवढेच म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुमच्या ताईनं काय पाहिलं ते मला माहीत आहे, तिची वही मीच तपासली होती. आज तुम्ही काय पाहिलंत?"

मी ते शेजारच्या खोलीतून ऐकले, आणि विद्यार्थ्यांना ताळ्यावर आणण्याची एक चांगली युक्ती म्हणून लक्षात ठेवले. त्या प्रश्नाचा उपयोग मला स्वतःला होईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

नव्वदचे दशक संपत आले होते. पुण्यात संगणकाच्या कंपन्या भराभर वाढत होत्या आणि घरटी एक मुलगा 'ऑनसाइट' जात होता. माझा नवरा विवेक सहा महिन्यांसाठी अमेरिकेत होता. आमच्या लग्नाला पाच वर्षे झाली होती. सासूबाई अकोल्याहून दर रविवारी फोन करत आणि शेवटी विचारत, "बाकी काही विशेष?" त्या 'विशेष'चा अर्थ आम्ही दोघीही जाणत होतो. शेवटी मी एकटीच डेक्कनजवळच्या एका नव्या वंध्यत्व-उपचार केंद्रात गेले. काचेचे दार, वातानुकूलित खोली, भिंतीत बसवलेली माशांची पेटी. डॉक्टरांनी तीन मिनिटे बोलून एक तपासणी लिहून दिली.

तपासणी काय असते ते आज मी सांगू शकते. तेव्हा मला कुणी सांगितले नव्हते. गर्भाशयाच्या मुखातून एक बारीक नळी आत घालतात, तिच्यातून रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांनी चित्रे घेतात. रंगद्रव्य दोन्ही गर्भनलिकांतून वाहत जाऊन पलीकडे सांडले, तर मार्ग मोकळा. अडले, तर बंद. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली तर पुष्कळ सोपे जाते. मला एवढेच सांगण्यात आले होते की, पाच मिनिटांचे काम आहे आणि थोडंसं दुखेल.

त्या दिवशी मी डोळे तपासायचे आहेत असे सांगून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. आम्ही पाच जणी एका बाकावर हिरवे झगे घालून बसलो होतो. नाड्या तुटलेल्या, त्यामुळे प्रत्येकीचा एक हात मागे. माझ्या शेजारी मांजरी गावाहून आलेली एक बाई होती. आतून कुणाच्या तरी विव्हळण्याचा आवाज आला, तशी ती म्हणाली, "लय दुखत असंल का वो ताई?" मी म्हटले, "थोडंसंच, म्हणाले." मी भूगोलाची शिक्षिका होते, कुणाच्या तरी सांगण्यावरून नकाशा काढू नये, एवढे मला कळायला हवे होते.

आत काय झाले ते थोडक्यात लिहिते. टेबलाला पडदा नव्हता. डॉक्टर खांद्यात मोबाइल धरून कुठल्याशा भूखंडाविषयी बोलत होते. मी ओरडले तेव्हा मदतनीस बाई म्हणाली, "अहो, पाय सैल सोडा की! एवढ्याशानं ओरडता, मग बाळंतपण कसं झेपायचं?" अर्ध्या तासाने स्वागतकक्षातल्या मुलीने काउंटरवरून, सगळ्यांच्या देखत सांगितले, "मॅडम, तुमच्या दोन्ही ट्यूब ब्लॉक आहेत. ऑपरेशन, नाहीतर डायरेक्ट टेस्ट ट्यूब. सरांची अपॉइंटमेंट देऊ?"

माझा सहावा तास होता. पाच मिनिटांचे काम म्हटल्यावर मी तो सोडलेला नव्हता. रिक्षाने शाळेत आले, पण सातवी ब चा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि माझ्या पोटात असा पीळ, की जिना चढवेना. तळमजल्यावर प्रयोगशाळा होती. मी दाराशी उभी राहून तो पुठ्ठा वाचला. आत जाण्याचे बळ नव्हते आणि थांबण्याचेही नव्हते.

दिघेबाईंनी मान वर करून पाहिले, हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवली. "आत ये," त्या म्हणाल्या. मग एका मुलीला, "सातवी ब ला जाऊन सांग, महाराष्ट्राच्या नद्या भरा. कोरे नकाशे बाईंच्या कपाटात आहेत."

तयारीच्या खोलीत एक लांब बाक होता. त्यांनी मला त्यावर निजवले. सपाट बुडाची जाड काचेची एक बाटली गरम पाण्याने भरली, बूच घट्ट लावले, फडक्यात गुंडाळून माझ्या ओटीपोटावर ठेवली. "फडकं धुतलेलं आहे," त्या म्हणाल्या. "खडूचं नाही." मग घड्याळ पाहिले आणि वीस मिनिटे एक शब्दही बोलल्या नाहीत. 'काय झालं' असे न विचारणारी माणसे मी आयुष्यात फार थोडी पाहिली आहेत.

विसाव्या मिनिटाला मी आपण होऊन सगळे सांगितले. रडलेही. त्यांनी रडू दिले. मग कपाटातून एक नवी कोरी प्रयोगवही काढून माझ्यापुढे ठेवली.

"लिही."

"बाई, आत्ता?"

"आत्ताच. संध्याकाळी तू विसरशील. उद्या तर तुला सगळं आपलंच चुकलं असं वाटायला लागेल. उद्देश लिही."

मी लिहिले, 'मूल होण्यासाठी.' त्यांनी ते खोडायला लावले. "हा उद्देश तुझा आहे, प्रयोगाचा नव्हे. एका प्रयोगाला एकच उद्देश. नळ्यांचा मार्ग मोकळा आहे की नाही ते पाहणे."

मग साहित्य, मग कृती. जे आठवले ते क्रमाने. गोळी दिली का? नाही. किती वाजता आत गेले? सव्वाबारा. बाहेर? बारा पंचवीस. रंगद्रव्य सोडल्यावर किती थांबले? ठाऊक नाही. "'ठाऊक नाही' असं लिही. तेही निरीक्षणच आहे."

"किती दुखलं?"

"खूप."

"खूप म्हणजे थोडंसंचा मोठा भाऊ. शून्य ते दहात सांग."

"नऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि क्षणभर चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "लिही नऊ."

अनुमानाच्या मथळ्याखाली मी 'दोन्ही नळ्या बंद' लिहू लागले, तेव्हा त्यांनी वहीवर हात ठेवला. "हे तू पाहिलंस?"

"नाही, त्यांनी सांगितलं."

"मग रिकामं ठेव. रिकाम्या जागेचे गुण मी कापत नाही. ताईच्या वहीवरून उतरवलेल्याचे कापते." थोडे थांबून त्यांनी विचारले, "आणि विवेकरावांची तपासणी?"

"त्यांची काही सांगितली नाही."

"वर्गात काच फुटली की आधी मागच्या बाकावरच्याला उभं करायचं, त्यातली गत. त्याच्या तपासणीला सुई नाही, झगा नाही, क्ष-किरण नाहीत. सोपा प्रयोग आधी, अवघड नंतर. आठवीतल्या मुलीला कळतं हे."

पुढच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, त्या माझ्याबरोबर त्या केंद्रात आल्या. मी येऊ नका म्हटले. "मी तुझ्यासाठी येत नाहीये," त्या म्हणाल्या, "मला तो कागद बघायचाय." वाटेत बसमध्ये त्यांनी मला वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहायला लावले. सात झाले. त्यांतले चार त्यांनी कमी केले. "डॉक्टर तीनच प्रश्नांना उभे राहतात. चौथ्याला फोन वाजतो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहून विचारले, "आपण कोण? सासूबाई?"

"नाही. मी यांच्या शाळेत विज्ञान शिकवते."

"म्हणजे नातं काही नाही."

"एका चंचुपात्रातला चहा पितो," दिघेबाई म्हणाल्या. "वर्षा, पहिला प्रश्न."

मी चित्रे आणि अहवाल मागितला. पुष्कळ शोधाशोध होऊन तो मिळाला. एक छापील पान. त्यात मोकळ्या जागी माझे नाव, वय, आणि 'बंद' या शब्दापुढे दोन खुणा. दिघेबाईंनी ते हातात घेतले, चष्मा सारखा केला आणि वरपासून खालपर्यंत सगळे वाचले. अशा कागदांचे शेवटचे वाक्य कुणी वाचत नाही. त्यांनी ते वाचले, आणि मला दाखवण्यासाठी बोट ठेवले. इंग्रजीत छापले होते : रुग्णाने तपासणी व्यवस्थित सहन केली, वेदनेची तक्रार नाही.

"डॉक्टर," त्यांनी अगदी वर्गात विचारावे तसे विचारले, "हे कुणी पाहून लिहिलं?"

"ते? ते छापीलच असतं. सगळ्यांच्याच रिपोर्टवर."

"म्हणजे तपासणीच्या आधी लिहिलेलं."

"मॅडम, फॉरमॅट आहे तो."

"ही मुलगी ओरडली, ते बाहेरच्या चार जणींनी ऐकलं. कागद म्हणतो, तक्रार नाही. मग याच कागदावरचा 'बंद' हा शब्द आम्ही कसा घ्यायचा? पाहिलेला की छापलेला?"

डॉक्टर चिडले. दिवसाला किती तपासण्या होतात ते त्यांनी सांगितले, आणि म्हणाले, "दुखण्याचा आणि ट्यूबचा काय संबंध?"

"तोच तिचा दुसरा प्रश्न आहे. दुखलं की स्नायू आवळतात, हे मी नववीला शिकवते. गर्भनलिकेला स्नायू असतात ना?"

"असतात."

"आवळलेली नळी आणि बंद नळी तुमच्या चित्रात नेहमी वेगळी ओळखू येते?"

त्या डॉक्टरांविषयी इतके वाईट लिहिल्यावर हेही लिहायला हवे : ते खोटे बोलले नाहीत. चित्रे त्यांनी दिव्यासमोर धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "नाही. नेहमी नाही येत. हे... हे स्पॅझमसुद्धा असू शकतं." मग कागद पुढे ओढून त्यांनी 'बंद'पुढे हाताने एक प्रश्नचिन्ह काढले. त्या कागदावर खरोखर पाहून लिहिलेले अक्षर तेवढेच.

तिसरा प्रश्न विवेकच्या तपासणीचा होता. "ती आपण करणारच होतो," डॉक्टर म्हणाले. 'करणारच होतो' हे शब्द दिघेबाईंनी माझ्याकडून वहीत लिहून घेतले.

बाहेर बाकावर मांजरीची ती बाई पुन्हा आलेली होती. बरोबर तिची सासू. दार पातळ असल्याने तिने सगळे ऐकले असावे. ती उठून पुढे आली. "बाई, आमचाबी कागद बगता का? मलाबी बंद हाय म्हनले."

मला वाटले, दिघेबाई कागद घेतील. त्यांनी घेतला नाही. "बाळ, मी डॉक्टर नाही. मी बघून सांगितलं, तर तेही ऐकीवच झालं. पण काय विचारायचं ते सांगते." आणि त्या तिच्याजवळ बसल्या. सासू म्हणाली, "तिला काय इचारता येतंय? तिचं काय बी असंल ते मलाच सांगत्यात." दिघेबाई सासूकडे न पाहता त्या मुलीला म्हणाल्या, "नळी कुणाच्या पोटात आहे? मग प्रश्न त्याच पोटातून यायला हवा." तिसऱ्या खेपेला तिने तीनही प्रश्न न अडखळता म्हणून दाखवले. सासू शेवटी पुटपुटली, "साळंत घातली असती तर बरं झालं असतं." आणि तिघीही हसल्या. माझ्या पोटात अजून दुखत होते, पण मीही हसले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी स्वतःविषयी सांगितले. इतक्या वर्षांत एवढेच. माझ्याकडे न पाहता, खिडकीबाहेर पाहत.

"माझीही झाली होती ही तपासणी. लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा. टेबलावर घेतलं, झाल्यावर उठवलं. डॉक्टरांनी रिपोर्ट सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, पदराखाली ठेवला. घरी आल्यावर म्हणाल्या, 'नशिबात नाही तुझ्या.' कागद मला कधी दिसला नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांची ट्रंक मी रिकामी केली; त्यातही नव्हता."

"तुम्ही मागितला नाहीत?"

"विज्ञानाची पदवीधर होते मी, वर्षा. मागितला नाही." बस थांबली, सुटली. "आमचे हे पुढे म्हणाले, परत करू या तपासणी. मीच नको म्हटलं. त्या टेबलावर पुन्हा चढायचं धैर्य नव्हतं. तेव्हा माझ्या वहीत अनुमान आहे, पण निरीक्षण नाही. सगळ्या शाळेच्या वह्या तपासते मी, आणि माझी अशी."

धायरीच्या त्यांच्या घराकडे जाणारी बस पुढच्या थांब्यावरून घ्यायची होती. त्या उतरल्या आणि नेहमीसारख्या मागे न पाहता गेल्या.

विवेक परत आला. तपासणीचे नाव काढल्यावर प्रथम म्हणाला, "माझं काय काढायचंय त्यात?" मी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने ती वाचली. 'नऊ' या आकड्यापाशी तो बराच वेळ थांबला. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन गेला. काही दोष त्याच्या बाजूला होता, आणि तो वीस मिनिटांच्या, न दुखणाऱ्या तपासणीत कळला. दोन दिवस गेले. मग म्हणाला, "आधी मी जायला हवं होतं." त्या वाक्यासाठी मी आजही त्याची ऋणी आहे.

दुसरी तपासणी आम्ही एका वयस्कर डॉक्टरबाईंकडे केली. जुन्या इमारतीत, माशांची पेटी नसलेल्या जागी. मी वही उघडली तशी त्यांनी पेन खाली ठेवले आणि नव्या तीनही प्रश्नांची उत्तरे दिली. गोळी तासभर आधी. पडदा. "दुखलं की हात वर करा, मी थांबेन." आणि त्या दोनदा खरोखर थांबल्या. माझ्या डोक्याशी, क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड डगला घालून दिघेबाई उभ्या होत्या; त्या डगल्यात त्या फार लहान दिसत होत्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. त्या कुठल्या टेबलापाशी उभ्या आहेत हे ठाऊक असल्यामुळे मी वर पाहिले नाही.

यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवलेला होता. रंगद्रव्य वर चढले, डावीकडे अडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थांबू या जरा. श्वास सोडा." आम्ही थांबलो. मग नदी त्रिभुज प्रदेशात फुटून समुद्राला मिळते, तसे ते दोन्हीकडून अलगद पसरले. "दिसलं?" दिघेबाईंनी विचारले. "दिसलं," मी म्हणाले. त्या दिवशी वहीत 'वेदना : चार' असे आहे, आणि अनुमानाखाली माझ्याच अक्षरात, 'दोन्ही मार्ग मोकळे.'

त्यांच्या हातून चूक कधी होतच नसे, असा समज या लिखाणातून होऊ नये. वर्षभराने माझ्या पाळीच्या तारखेवर नऊ दिवस उलटून गेले. मी फक्त त्यांना सांगितले. दहाव्या दिवशी तयारीच्या खोलीत त्यांच्या पर्समधून पिवळ्या लोकरीचे टोक बाहेर आलेले दिसले. टोपडे होते, अर्धे विणून झालेले. मी पाहिले हे त्यांनी पाहिले, आणि लाल दोऱ्याच्या चंचुपात्रातला चहा त्या दिवशी उतू गेला.

बाराव्या दिवशी सगळे संपले. मी दिघेबाईंना सांगितले. त्या पर्समधून ते टोपडे काढून माझ्यापुढे बसल्या. "चूक माझी. निरीक्षण अपुरं असताना अनुमान काढलं. तेही लोकरीत." आणि त्यांनी ते उसवायला घेतले. "धर," म्हणून गुंडा माझ्या हातात दिला. त्या उसवत गेल्या, मी गुंडाळत गेले. एकदाही धागा तुटला नाही. आठवड्याने त्याच लोकरीचे एक जाड विणलेले आवरण त्या काचेच्या बाटलीवर चढलेले होते, बुचापाशी नाडी ओवलेले. "फडकं सुटायचं सारखं," त्या म्हणाल्या.

वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न असेल, म्हणून सांगते : आम्हांला मूल झाले नाही. आणखी दोन वर्षे उपचार घेतले आणि एके दिवशी वही पहिल्या पानापासून वाचून, विवेकने आणि मी, दोघांनी मिळून थांबायचे ठरवले. नशिबाचे नाव कुणी कानात सांगितले नाही. काय पाहिले, काय केले, कुठवर केले, ते सगळे आमच्या हाताने लिहिलेले होते. अकोल्याला फोनही विवेकनेच केला. 'आमच्या' असा शब्द त्याने वापरला, 'तिच्या' नव्हे. दिघेबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी वही मागून घेतली, शेवटच्या पानावर लाल शाईने बरोबरची खूण केली आणि तारीख घातली. दुसरे काही लिहिले नाही.

पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीविषयी भाषणे केली. त्या उत्तरादाखल म्हणाल्या, "प्रत्येकानं दोन मिनिटं मागितली होती. एकानंही पाळली नाहीत. बसा." शाळेतून त्यांनी एकच वस्तू विकत मागितली. मुख्याध्यापकांनी ती जुनी बाटली फुकट न्या म्हटले, तरी त्यांनी पावती करायला लावली. दारावरचा पुठ्ठा तिथेच राहिला.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी एकदा मी कोथरूडमध्येच, भर दुपारी, बस थांब्यावर उभी होते. समोरच्या पदपथाला लागून एक नवे केंद्र झाले होते, तसेच काचेच्या दाराचे. दाराबाहेरच्या बाकावर दिघेबाई बसलेल्या दिसल्या. केस पूर्ण पांढरे, साडीची इस्त्री तशीच. शेजारी पंचविशी-तिशीतली एक मुलगी, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. तिच्या मांडीवर एक वही उघडी होती आणि ती त्यातून काहीतरी वाचून दाखवत होती. दिघेबाई मान हलवत होत्या. एकदा त्यांनी बोट आडवे केले. तिने काहीतरी खोडले.

मी हाक मारणार होते. नाव ओठांवर आलेही होते. पण रस्त्याच्या त्या बाजूला प्रयोग चालू होता, आणि दारातून हाक मारायची नसते. माझी बस आली, मी ती जाऊ दिली.

दोघी आत गेल्या. तीन बस गेल्या. मग काचेचे दार उघडले. मुलगी पुढे, सावकाश. दोन्ही हातांनी ओटीपोटाशी धरलेले काहीतरी पिवळे. मागे दिघेबाई, तिची लॅपटॉपची काळी पिशवी खांद्याला दप्तरासारखी अडकवून, हातात तिचे हेल्मेट. त्यांनी रिक्षा थांबवली, तिला आधी बसवले. स्वतः बसण्यापूर्वी हात वर केला, मनगटाच्या आतल्या बाजूला पाहिले आणि तिला काहीतरी सांगितले. मुलीने पिवळी बाटली एका हाताने तशीच धरून ठेवली, दुसऱ्या हाताने मांडीवर वही उघडली, आणि रिक्षा सुटायच्या आधी वेळ लिहून घेतली.